एचपी५ प्लस: त्वचेच्या कसोटीवर

कृष्णधवल व्यक्तिचित्र जमलं की फसलं, हे बहुतेक वेळा त्वचेवर ठरतं. कपाळावरून गालाच्या सावलीत उजेड उतरताना मधल्या राखाडी छटा एकमेकींपासून सुट्या दिसल्या पाहिजेत. नग्न छायाचित्रात तर सगळा भार त्यांच्यावरच असतो. कपडे नाहीत, बऱ्याचदा चेहराही नाही; उरतो तो घाट आणि त्यावरचा उजेड. इल्फर्ड कंपनीची एचपी५ प्लस ही ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) कृष्णधवल फिल्म इथे या एकाच कसोटीवर पारखली आहे.

या फिल्मचा स्वभाव मऊ आहे. खिडकीच्या उजेडात नाकाचा शेंडा किंवा खांद्याची कड जरा जास्त उजळली तरी तिथला तपशील सहसा टिकतो. सावलीत मात्र ती इतकी उदार नाही. काळे केस आणि डोळ्यांच्या खोबणी जपायच्या असतील, तर खोक्यावर ४०० असलं तरी उजेड मोजणारा मीटर २५० वर लावावा, म्हणजे फिल्मला जास्त उजेड मिळतो, आणि डेव्हलपिंग थोडं कमी करावं. आयडी-११ हा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) पाण्यात एकास एक पातळ करून २० अंश सेल्सिअसला ४०० साठी १३ मिनिटं दिलेली आहेत. २५० वर ११ मिनिटांपासून सुरुवात करावी.

मीटर त्वचेवरच धरावा. गव्हाळ त्वचेचं रीडिंग जवळपास जसंच्या तसं चालतं. उजळ त्वचेला एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट) वाढवावा, गडद त्वचेला एक स्टॉप कमी करावा. काळी पार्श्वभूमी मीटरमध्ये आली की तो फसतो, एक्स्पोजर वाढतं आणि चेहरा धुतल्यासारखा होतो. गडद त्वचा ओढूनताणून मध्यम राखाडीवर आणणं ही फार वेळा दिसणारी चूक आहे. तिचं सौंदर्य गालाच्या हाडावरच्या चकाकीत असतं, ती चकाकी शाबूत राहिली पाहिजे.

पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल रंगाचा भाग जास्त असतो, त्यामुळे ओठ फिके पडतात. पिवळसर हिरवा फिल्टर त्यांना पुन्हा उठाव देतो. लाल फिल्टर डाग पुसतो खरा, पण त्याबरोबर ओठही पुसतो आणि त्वचा चिनी मातीसारखी गुळगुळीत करतो. व्यक्तिचित्रासाठी आम्ही तो सुचवणार नाही.

ही फिल्म १६०० वर पुश करता येते, म्हणजे कमी उजेड देऊन डेव्हलपिंग वाढवता येतं, पण तेव्हा सावल्या एकदम बंद होतात आणि केस पार्श्वभूमीत बुडतात. नाट्यमय चेहऱ्याला ते चालून जातं, पाठीच्या हळुवार वळणाला अजिबात नाही. डेव्हलपिंगची टाकी हलवताना दर मिनिटाच्या सुरुवातीला १० सेकंदांत चार वेळा उलटी करणं पुरेसं आहे. घुसळून काढली तर ३५ मिमी फिल्मवर छिद्रांतून डेव्हलपर जोरात वाहतो आणि काठाला पट्टे उमटतात. साध्या राखाडी भिंतीवर ते लगेच दिसतात. डेव्हलपर २४ अंशांवर असताना २० अंशांचाच वेळ दिला, तर कपाळ आणि गाल छापताना कोरे पांढरे निघतात.

आता थोडं उजेडाबद्दल, कारण तो चुकला तर कुठलीच फिल्म वाचवत नाही. समोरून येणारा उजेड शरीर सपाट करतो. बाजूने, जरा मागून येणारा उजेड बरगड्या, मणका, पोटाची घडी उलगडतो. शरीराची उजळ कड गडद पार्श्वभूमीवर आणि सावलीतली कड फिकट पार्श्वभूमीवर पडली की आकृती पूर्ण वाचता येते. दोन्ही एकाच छटेच्या झाल्या की हात भिंतीत विरघळतो. हाच तिरका उजेड इलॅस्टिकचे वळही निष्ठुरपणे दाखवतो, म्हणून घट्ट कपडे निदान अर्धा तास आधी उतरवून सैल झगा घालायला सांगावं. चेहऱ्याच्या चित्रात डोळ्यांतला प्रकाशबिंदू शक्यतो एकच ठेवावा. दोन दिवे लावून दोन ठिपके आणले की नजर तुटते.

निगेटिव्ह मऊ असल्यामुळे मल्टिग्रेड कागदावर (फिल्टर बदलून ज्याचा कॉन्ट्रास्ट कमीजास्त करता येतो) बऱ्याचदा ३ नंबरचा फिल्टर लागतो. दोनवर छापलेला प्रिंट मळकट दिसला, तर दोष फिल्मला देऊ नये.

ग्रेनचं, म्हणजे चित्रात दिसणाऱ्या फिल्मच्या बारीक कणांचं काय? ३५ मिमीवरून चेहरा ८ बाय १० इंचांवर छापला तर ग्रेन डोळ्यांना आणि दाढीला शोभतो. मांडीच्या किंवा पाठीच्या मोठ्या, सलग राखाडी भागावर तो खरखरीत वाटतो. नग्न छायाचित्रासाठी म्हणून हीच फिल्म १२० या मोठ्या आकारात घ्यावी. कॅमेरा ३५ मिमीचाच असेल आणि ट्रायपॉड लावायची तयारी असेल, तर १२५ आयएसओची एफपी४ प्लस जास्त चांगली.