पैलूदार काचेचं सेइको अ‍ॅक्टस : नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या नोव्हेंबरात ठाण्यातच एका ओळखीच्या संग्राहकाकडून सेइको ५ अ‍ॅक्टस हे जुनं जपानी मनगटी घड्याळ घेतलं. आत ७०१९ क्रमांकाची मशीन. मागच्या झाकणावरच्या नंबरात पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. माझ्यावर ४ आणि २; दशक सत्तरचं, म्हणजे फेब्रुवारी १९७४.

घेतलं ते तबकडीसाठी. मधोमध जांभळी, कडेला जाता जाता काळी. आणि तिच्यावर पैलू पाडलेली काच. घोडबंदर रोडच्या सिग्नलला रिक्षात तिरपं ऊन आलं, की पैलूच्या धारेवर बाराची खूण दुभंगते. मनगट जरा वळवलं की पुन्हा सांधते. ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली मात्र जांभळा रंग जवळजवळ दिसतच नाही. सेइकोनंच १९६९च्या डिसेंबरात बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणलं होतं. त्यानंतरही साध्या ऑटोमॅटिकच्या, म्हणजे हाताच्या हालचालीनं किल्ली भरणाऱ्या घड्याळाच्या काचेवर एवढी मेहनत घेतली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वार इंग्रजीत आणि जपानीत, दोन्ही दिसतात. मी जपानी ठेवलाय. त्यांचे वारही सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी याच क्रमानं येतात. हे कळलं त्या दिवशी आईला फोन करून सांगितलं.

वेळ दिवसाला साधारण ४० सेकंद पुढे जाते; माझं चालतं. हातानं किल्ली देता येत नाही, त्यामुळे रविवारभर काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी बंद. हलवून चालू करायचं, वेळ लावायची.

खरी परीक्षा जुलैत झाली. स्टेशनबाहेर भिजलो आणि काचेखाली वाफ धरली. पहिल्या दुकानात म्हणाले, "काच जुनी झालीय, सपाट टाकून देतो, नवंकोरं दिसेल." मी घड्याळ उचललं आणि निघालो. सपाट काचेखाली ही तबकडी म्हणजे नुसता जांभळा पत्रा. नौपाड्यातल्या घड्याळवाल्या काकांनी उघडून दाखवलं: गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, सुकून कडक झालेलं. ते बदललं, मशीन साफ केली, ऑइलिंग केलं. "पाणी लावू नकोस आता. पन्नास वर्षांचं आहे ते," एवढंच म्हणाले.

घेणाऱ्यांनी फोटो समोरून नाही, बाजूनं मागवा; पैलू आहेत की नाहीत ते तिथेच कळतं. तबकडीवरची अक्षरं जाड, फुगीर दिसली तर ती बहुधा रिडायल, म्हणजे नंतर पुन्हा रंगवलेली तबकडी. ओरखड्यांवर टूथपेस्ट घासायच्या फंदात पडू नका. ते प्लास्टिकच्या काचेला चालतं, या काचेला नाही.

माझ्या काचेची चारच्या खुणेपाशी बारीक कपची उडालेली आहे. मूळ मापाची पैलूदार काच मिळेपर्यंत ती तशीच राहील.