लवंग, ओवा, टी ट्री की निलगिरी: जंतुनाशक म्हणून कोणतं तेल घ्यावं?

‘शंभर टक्के नैसर्गिक’ हे चारही बाटल्यांवर लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही. पाहायचं ते आत कोणतं रसायन जास्त आहे ते.

लवंगेच्या तेलात साधारण 70 ते 90 टक्के युजेनॉल असतं. ते फिनॉल नावाच्या जहाल जंतुनाशक रसायनांच्या गटातलं. जंतूच्या पेशीभोवतीचं पटल ते सैल करतं, मग आतला ऐवज बाहेर झिरपतो. शिवाय ते जागा बधिर करतं. डेंटिस्ट तात्पुरतं सिमेंट भरतात त्यात झिंक ऑक्साइडबरोबर हेच असतं. दवाखान्यात शिरल्याशिरल्या येणारा वास तोच.

ओव्यातलं थायमॉलही याच गटातलं आणि तितकंच जहाल. काष्टौषधीच्या दुकानात ‘ओव्याचं फूल’ मागितलं की मिळणारे स्फटिक म्हणजे थायमॉल. ते, पुदिन्याचं फूल (म्हणजे मेंथॉल) आणि कापूर एका बाटलीत घालून हलवा: तिन्ही घन, पण बघता बघता पाणी होतं. हीच अमृतधारा. मात्र फिनॉलवाली तेलं जंतूला जाळतात तशी हिरडी आणि कातडीही भाजतात. नुसतं तेल कधीच लावू नये. खोबरेलात थेंबभरच मिसळावं.

त्वचेसाठी मी टी ट्रीच्या बाजूने आहे. हे झाड ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सकडचं. तिथले रसायनतज्ज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी 1920 च्या दशकात त्याच्या तेलाचा जंतुनाशक गुण मांडला. मुख्य घटक टर्पिनेन-4-ऑल. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो 35 ते 48 टक्के हवा. मुरुमांवर 5 टक्के टी ट्री जेल आणि 5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचं नेहमीचं औषध यांची तुलना 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात झाली. दोन्हींनी फरक पडला; टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण त्याचे दुष्परिणाम कमी झाले. खोट एकच, पण मोठी: हवा-उजेड लागून तेल जुनं झालं की त्यानेच खाज उठते. गडद काचेची, लहान बाटली घ्या. आणि हे पोटात जाता कामा नये, म्हणून दातासाठी बाद.

निलगिरीत भर सिनिओलचा. चोंदलेलं नाक मोकळं वाटतं, ते ठीक; जंतू मारण्यात मात्र बाकी तिघांच्या मागे. लहान मुलाच्या हाती लागू देऊ नका, गिळल्यास झटके येऊ शकतात.

प्रयोगशाळेच्या बशीत जंतू मेले म्हणून जखमेतही मरतील असं नाही. सुडोमोनाससारख्या जंतूंना बाहेरून आणखी एक पटल असतं, ते या तेलांना सहसा दाद देत नाहीत. पू झालेली जखम, मधुमेह्याच्या पायाची जखम यांना डॉक्टरच हवा.

लवंगेचं तेल घेतलंत तर एक थेंब पाण्यात टाकून काडीने ढवळा. ते पाण्याहून जड, त्यामुळे तळाशी जायला हवं. बुडालं म्हणून शुद्धच असं नाही, पण तरंगत राहिलं तर बाटली दुकानदाराला परत करा.