ऑफिसात कोणतं झाड ठेवावं: स्नेक प्लांट, मनी प्लांट की अरेका?

हवा शुद्ध होईल म्हणून ऑफिसात झाडं आणत असाल, तर ती अपेक्षा आधी सोडा. नासाचा 1989 चा गाजलेला प्रयोग हवाबंद पेट्यांमध्ये झाला होता. 2019 मध्ये अशा प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा निघालं की इमारतीत हवेच्या येण्याजाण्याने आपसूक होते तेवढी सफाई झाडांकडून हवी, तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. खरा फायदा डोळ्यांना आणि मनाला होतो. स्क्रीनवरून मान वर केली की हिरवं दिसलं पाहिजे. म्हणून रिसेप्शनमधल्या एका भल्यामोठ्या कुंडीपेक्षा टेबलांजवळच्या चार लहान कुंड्या केव्हाही बऱ्या.

खिडकी लांब आणि दिवसभर एसी असेल, तर डोळे मिटून स्नेक प्लांट घ्या. निम्मी माती, पाव कोकोपीट, पाव जाड वाळू. मातीत दोन पेरं बोट खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी. एसीत ही वेळ साधारण 2–3 आठवड्यांनी येते. हे झाड तहानेने सहसा मरत नाही, लाडाने मरतं. येणारा-जाणारा बाटलीतलं उरलेलं पाणी ओततो, मुळं कुजतात, पान बुडाशी मऊ पडतं आणि ओढलं की हातात येतं. पाणी घालायचं काम एकाच माणसाकडे ठेवा.

मनी प्लांट स्वस्त आणि झटपट वाढणारा. पाण्याच्या बाटलीत फांदी लावताना निदान एक गाठ (जिथून पान फुटतं ती) पाण्यात बुडायला हवी, मुळं तिथूनच फुटतात. उजेड फार कमी झाला की पानांवरचे पिवळे-पांढरे पट्टे जातात. पण मोठी काळजी डासांची: डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. दर आठवड्याला पाणी बदला आणि बाटली आतून घासा, कारण अंडी काचेला चिकटून राहतात. नुसतं पाणी बदलून भागत नाही. हे जमणार नसेल तर सरळ मातीत लावा.

अरेका सगळ्यांत देखणा, तितकाच नाजूक. खिडकीपासून दीड मीटरच्या आत, एसीच्या झोतापासून दूर. कोरड्या हवेत पानांची टोकं करपतात, पानांमागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड आली समजा. ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा. दिवाळीच्या सुट्टीआधी अरेकाला पोटभर पाणी देऊन उन्हापासून थोडं आत सरकवा. स्नेक प्लांट तसाच राहू द्या.