√६८ आणि √११७६: मोठा वर्ग शोधावा की मूळ अवयव पाडावेत?

सोलापुरात ६८ हा आकडा कुणाला नवा नाही; सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली ६८ लिंगं पोरासोरांनाही ठाऊक असतात. म्हणून शिकवणीत करणी (पूर्ण संख्येत न सुटणारं मूळ) सोपी करायची सुरुवात मी √६८ पासूनच करतो. ६८ = ४ × १७, चारचं मूळ २ बाहेर, उत्तर २√१७. अर्ध्या ओळीत काम झालं. ज्याला वर्ग तोंडपाठ आहेत, त्यानं हीच वाट धरावी.

आता √११७६ घ्या. पोरं पटकन ४ बाहेर काढतात, २√२९४ लिहितात आणि वही मिटतात. पण २९४ = ४९ × ६, म्हणजे आत अजून एक वर्ग दडलेला. खरा मोठा वर्ग १९६, तो सहसा नजरेत भरत नाही. इथं मूळ अवयवच बरे: २×२×२×३×७×७. प्रत्येक जोडीतला एक बाहेर, एकटे राहिलेले आत (चादरीची घडी घालायलाही दोघं लागतात की!). उत्तर १४√६. पान भरतं खरं, पण काही निसटत नाही.

माझा कल? संख्या लहान असेल तर पहिली रीत, चार अंकी दिसली की दुसरी. पहिलीनं गेलात तर मूळचिन्हाखाली उरलेल्या संख्येला ४, ९, २५, ४९ नं एकदा भागून बघाच.