पॅलिओ १.६: आपलंच इंजिन बांधायचं की कुर्ल्याचं आणून बसवायचं?

ज्याच्या दारात फियाटची पॅलिओ १.६ जीटीएक्स उभी आहे, त्याला ती का ठेवलीस असं विचारण्यात अर्थ नाही. १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, १०० पीएस आणि एवढीशी गाडी. २००१ साली ती आली तेव्हा मध्यमवर्गीय घरात स्पोर्ट्स कार म्हणून जे काही येऊ शकत होतं, ते हेच. प्रश्न वेगळा आहे. इंजिन गेलंय, हाताशी चाळीस-पन्नास हजार आहेत आणि मेकॅनिक सांगतोय, "साहेब, उघडत बसू नका. कुर्ल्याहून इंजिन आणू, आठवड्यात गाडी रस्त्यावर." त्याचं ऐकायचं, की आपलंच इंजिन उघडून, खराब भाग बदलून पुन्हा बांधायचं? मी दोन्ही करून बघितलंय, दोन वेगवेगळ्या १.६ गाड्यांवर.

आधी कुर्ला, म्हणजे मुंबईतला गाड्यांच्या जुन्या भागांचा बाजार. पॅलिओ जोडली जायची तो कारखाना कुर्ल्यातच होता. त्याच कुर्ल्यात, सीएसटी रोडच्या गाळ्यांमध्ये, तिची इंजिनं तेलकट लादीवर ओळीने मांडलेली बघताना मला खरंच वाईट वाटलं होतं. पण माल मिळतो. फियाटच्याच पेट्रा १.६ आणि अ‍ॅडव्हेंचरचं इंजिनही हेच, त्यामुळे फक्त पॅलिओचं मागू नका, तिन्ही नावं घ्या. २०१४ साली मला गिअरबॉक्ससकट इंजिन बत्तीस हजारांना मिळालं. टेम्पो, बसवणावळ, नवा बेल्ट, ऑईल, कूलंट धरून पंचेचाळीसच्या आत काम झालं. सहाव्या दिवशी मी गाडी घेऊन घरी आलो. इंजिन चांगलं निघालं, माझ्या मूळ इंजिनापेक्षा शांत चालायचं, हे मान्य केलंच पाहिजे.

घेताना दोन-तीन गोष्टी मात्र स्वतः बघा. ऑईलचं झाकण उघडून आत दुधाळ, चहाच्या सायीसारखा थर दिसला तर पाणी ऑईलमध्ये गेलेलं आहे, पुढच्या गाळ्यावर चला. प्लग काढून पुलीच्या नटाला पाना लावा आणि क्रँक (पिस्टनांना जोडलेला मुख्य दांडा) हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठेही अडकता कामा नये. गाळेवाला 'चेकिंग वॉरंटी' देतो, म्हणजे ठरलेल्या दिवसांत इंजिन खराब निघालं तर बदलून देतो. चढवण्या-उतरवण्याची मजुरी दोन्ही वेळा तुमची.

दुसऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. २०१९ च्या पावसाळ्यात खंबाटकी घाट चढताना टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा) तुटला. आवाज मोठा झाला नाही, गाडी नुसती विझली. आधीच्या मालकाने बेल्ट कधी बदलला होता याची कुठेच नोंद नव्हती आणि घेतल्या घेतल्या तो मी बदलून टाकायला हवा होता. या इंजिनात बेल्ट तुटला की कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, जागच्या जागी थांबतात, क्रँक फिरतच राहतो आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन येऊन आपटतो. हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवलं तेव्हा चार पिस्टनांच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे वण होते.

इथे मेकॅनिक हमखास म्हणतो, "उघडलंच आहे तर रिंगा, बेअरिंगपण टाकून घेऊ." बजेट तंग असेल तर खरा निर्णय या वाक्याशी होतो. मी बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो त्या पोकळीत, हात घातला आणि वरच्या कडेजवळ नख फिरवलं. नख अडकेल असा काठ तयार झाला असेल तर बोअर झिजलेला आहे. माझ्या चारही बोअरमध्ये नख घसरत गेलं आणि होनिंगच्या (बोअर घासताना पाडलेल्या) तिरक्या रेघा बऱ्यापैकी शाबूत होत्या. गाडी ऑईलही खात नव्हती. म्हणून खालच्या भागाला हात लावू दिला नाही. हे मोजमाप नव्हे हे मला कळतं, बोअर गेज लावून घेणं केव्हाही चांगलं. पण त्या नखाने माझे निदान वीस हजार वाचवले असतील.

लेथवाल्याने सोळाही व्हॉल्व्ह काढून एकेक काचेच्या तुकड्यावर आडवा ठेवून बोटाने लोटला. सरळ असलेला एका चालीने जातो. वाकलेल्याचं डोकं दर फेऱ्याला वर-खाली होतं. नऊ वाकडे निघाले. गाईड तपासले, सील नवे टाकले, सीटिंग केलं (व्हॉल्व्ह बसायची जागा घासून जुळवली), हेडला फेसिंग मारून घेतलं (तळ सपाट करून घेतला). जोडून झाल्यावर हेड उलटं ठेवून, प्लग बसवून, चेंबरमध्ये रॉकेल ओतलं आणि आम्ही चहाला गेलो. परत आलो तेव्हा पोर्ट कोरडे होते, म्हणजे एकही व्हॉल्व्ह गळत नव्हता.

एकूण अडतीस हजार आणि सात आठवडे. त्यातले पाच आठवडे नुसते व्हॉल्व्हसाठी गेले. पुण्यात नाना पेठेत चार दुकानं फिरलो, नवे मिळाले नाहीत. शेवटी कुर्ल्याहूनच एक जुनं हेड सहा हजारांना आणलं आणि त्यातले व्हॉल्व्ह काढून वापरले. वेळेच्या हिशोबात कुर्ल्याचं पूर्ण इंजिन सरळ जिंकतं. रोज ऑफिसला न्यायला ही एकच गाडी असेल तर सात आठवडे फार होतात, हे मी नाकारणार नाही.

आता जे मला खरं नडलं ते.

२०१७ साली पहिल्या गाडीला पंधरा वर्षं झाली. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत नेली. निरीक्षकांनी चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, ठसा घेतला, तो जुळला. मग बॉनेट उघडायला सांगितलं. फडक्याने ब्लॉक (इंजिनाचा मुख्य, बोअर असलेला भाग) पुसला, टॉर्च मारला, आरसी बुकाकडे बघितलं, पुन्हा ब्लॉकवर बघितलं. इंजिन नंबर वेगळा होता.

माझ्याकडे गाळ्यावरची कच्ची पावती होती. त्यावर रक्कम आणि '१.६ इंजिन' एवढंच. नंबर नाही, ते कोणत्या गाडीतून निघालं त्या गाडीच्या आरसीची प्रत नाही. इंजिन बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. हे मला तीन वर्षांनंतर त्या खिडकीपाशी उभं राहून कळलं. निरीक्षकांचा काही दोष नव्हता. एखादं इंजिन चोरीच्या गाडीचं असू शकतं, ते तपासायला हा नंबरच तर असतो. मी कुर्ल्याला दोनदा जाऊन आलो. तोपर्यंत तो गाळा दुसऱ्याच माणसाकडे गेलेला होता. उत्तम चालणारी गाडी सव्वा वर्ष सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली आणि शेवटी भंगारात गेली. त्या तीन वर्षांच्या विमा पॉलिसीवरही जुनाच इंजिन नंबर होता. त्या काळात अपघात झाला असता तर क्लेमचं काय झालं असतं, हा विचार अजूनही नकोसा वाटतो.

म्हणून दुसऱ्या वेळी मेकॅनिकने 'कुर्ल्याहून आणू' म्हटल्यावर मी आधी विचारलं, नंबर कशावर असतो? ब्लॉकवर. हेडवर नाही. म्हणजे ब्लॉक आपला ठेवून बाकी हवं ते कुर्ल्याहून आणलं तरी गाडी कागदावर तीच राहते. २०२३ मध्ये या गाडीचं नूतनीकरण झालं. तेव्हा फी सहाशेवरून पाच हजार झालेली होती, ते टोचलं. पण बॉनेट उघडणं, फडकं, टॉर्च, सगळं दहा मिनिटांत आटोपलं.

प्रत्येकाच्या वाट्याला असंच येईल असं मी म्हणत नाही. काही जणांचं इंजिन बदलूनही नूतनीकरण सुरळीत झालंय. पिस्टनच्या रॉडने ब्लॉक फोडून बाहेर डोकं काढलं असेल, तर पर्यायच उरत नाही, दुसरं इंजिन घ्यावंच लागतं. तसं असेल तर गाळ्यावर पैसे देण्याआधी ब्लॉकवरचा नंबर स्वतः पुसून वाचा, फोटो काढा, पक्क्या बिलावर तोच नंबर लिहून घ्या, मूळ गाडीच्या आरसीची आणि ती मोडीत काढल्याच्या कागदाची प्रत मागा आणि आधी आरटीओत अर्ज करा. हे कागद द्यायला कुरकुर करणाऱ्याकडे इंजिन पाच हजारांनी स्वस्त असलं तरी मी घेणार नाही.

बेल्ट तुटलाय, हेड गॅस्केट गेलंय, गाडी तापून हेड वाकडं झालंय, एवढंच असेल तर मी ब्लॉक जागेवरच ठेवीन. हेड उतरवा, बोअरच्या कडेवर नख फिरवा आणि मगच लेथवाल्याला फोन करा. जोडताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि वॉटर पंप नवेच टाका, ती मजुरी पुन्हा भरावी लागू नये. बेल्टच्या कव्हरवर तारीख आणि किलोमीटर पांढऱ्या पेंटने लिहून ठेवा. माझ्या गाडीवर '११/२०१९, ८४,२००' असं लिहिलेलं होतं. गेल्या दिवाळीआधी ते खोडून नवं लिहिलं.