मॅन्युअलच्या कामासाठी काय शिकावं: फ्रेममेकर, इनडिझाइन की वर्डच?

सांगलीत ‘डीटीपी शिकायचंय’ म्हटलं की अजूनही बऱ्याच ठिकाणी पेजमेकर, कोरलड्रॉ आणि फोटोशॉप असा संच पुढे येतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणपती मंडळाचा अहवाल यांना तो पुरतो. पण कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत किंवा किर्लोस्करवाडीकडे पंपांचं, गिअरबॉक्सचं मॅन्युअल करायचं काम धरायचं असेल, तर त्या संचाचा फारसा उपयोग नाही. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. तो विकणाऱ्या ॲडोबी कंपनीनं स्वतःच तो सोडून दिला, आपण कशाला धरून बसायचं?

पत्रिका एकदा छापली की विषय संपतो. मॅन्युअल मात्र मशीन विकलं जातं तोवर बदलतच राहतं. इंजिनिअर येऊन सांगतो, ‘कपलिंग बसवायच्या आधी अलाइनमेंट तपासायची पायरी राहिलीय, आकृतीसकट टाका.’ ती टाकली की पुढच्या पायऱ्यांचे आकडे सरकतात, आकृती ७ची ८ होते आणि इतर प्रकरणांत जिथे जिथे ‘आकृती ७ पहा’ लिहिलंय ते सगळं चुकतं. हे निस्तरायचं काम सॉफ्टवेअर करतं की आपण, यावर माझी पसंती ठरते.

फ्रेममेकर याच कामासाठी जन्माला आला. १९८६चं सॉफ्टवेअर, १९९५मध्ये ॲडोबीकडे गेलं. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, त्या सगळ्यांचं मिळून एक ‘बुक’. बुक अपडेट केलं की आकडे, अनुक्रमणिका, क्रॉस-रेफरन्स (‘आकृती ७ पहा’सारखे हवाले) सगळं जागेवर येतं. खरी गंमत कंडिशनल टेक्स्टची. समजा एकच पंप ५० हर्ट्झ आणि ६० हर्ट्झ अशा दोन मोटरींवर जातो. मजकूर एकाच फाइलीत ठेवायचा, वेगळ्या ओळींना वेगळी खूण लावायची, आणि एक खूण लपवून पीडीएफ काढायची. दोन मॅन्युअलं, पण दुरुस्ती एकदाच. शिवाय एक्सएमएल आणि डिटा पद्धतीचं, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला तो काय आहे याची खूण लावून केलेलं लेखनही यात होतं. मोठ्या कंपनीच्या डॉक्युमेंटेशन विभागात जायचं असेल तर ते लागू शकतं.

उणी बाजूही आहे. फक्त विंडोजवर चालतं, ॲडोबीचंच इनडिझाइन ज्या ‘क्रिएटिव्ह क्लाउड’ या वर्गणीच्या संचात मिळतं त्यात येत नाही, वेगळं घ्यावं लागतं. दिसायला रुक्ष. आणि सांगलीत त्याचा क्लास माझ्या तरी पाहण्यात नाही, म्हणजे ॲडोबीची मदत-पानं आणि व्हिडिओ बघून स्वतःच शिकायचं.

इनडिझाइनबद्दल ‘ते मासिकांचं सॉफ्टवेअर, मॅन्युअलचं नव्हे’ असं ऐकायला मिळतं. हे अर्धंच खरं. क्रॉस-रेफरन्स आणि कंडिशनल टेक्स्ट त्यात २००८च्या सीएस४ आवृत्तीपासून आहेत, बुकही आहे. चाळीस-पन्नास पानांच्या मॅन्युअलला काही अडत नाही. पाचशे पानं, ढीगभर तक्ते आणि दर महिन्याला बदल असतील तर मात्र मी फ्रेममेकरच घेईन. मराठी मॅन्युअल असेल तर पारडं पुन्हा फिरतं: युनिकोड मराठी इनडिझाइनमध्ये नीट बसते, फक्त परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (अक्षरं-ओळी जुळवण्याची सेटिंग) लावायला विसरायचं नाही. तो नसेल तर ‘कि’मधली वेलांटी क-च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. शिवाय इनडिझाइन आलं की मॅन्युअलचं काम नसेल तेव्हा प्रेसचं तरी मिळतं, हा फायदा आपल्याकडे लहान नाही.

वर्डला नाक मुरडू नका. छोट्या कारखान्यांत मॅन्युअल बहुधा वर्डमध्येच असतं आणि त्यांना दुसरं काही नकोही असतं. मात्र एमएस-सीआयटीत शिकलेलं वर्ड इथे पुरत नाही. मथळा ठळक करून, आकडा हातानं टाईप करून चालत नाही. हेडिंग स्टाइल, तिला जोडलेलं नंबरिंग, आकृतीला कॅप्शन आणि त्या कॅप्शनचा क्रॉस-रेफरन्स, एवढं यायला हवं. चित्र ओळीतच बसवायचं, म्हणजे ते पानभर भटकत नाही. पैसे घालायचे नसतील तर लिबरऑफिस रायटरमध्ये हेच सगळं फुकट होतं, अनेक फाइली एकत्र जोडणाऱ्या मास्टर डॉक्युमेंटसकट.

स्क्रायबस फुकट आहे, पत्रकाला चांगलं. लांब मॅन्युअलला तोकडं पडतं. लाटेक, म्हणजे आज्ञा टाईप करून पानं जुळवायची पद्धत, गणितवाल्यांना लखलाभ, पण कारखान्यात तुमची फाइल पुढे दुसऱ्या कुणाला उघडायची असते.

डिप्लोमा झालाय, ड्रॉइंग वाचता येतं, तर आधी रायटरमध्ये स्टाइल पक्क्या करा आणि मग फ्रेममेकरला हात घाला. प्रेसमध्ये आधीच बसत असाल तर सरळ इनडिझाइन. क्लास लावणार असाल तर फी भरण्याआधी मास्तरांना दोन वेगळ्या फाइलींमधला क्रॉस-रेफरन्स करून दाखवायला सांगा. त्यांनी पान नंबर हातानं टाईप केला, तर चहा घेऊन निघा.