तार्तूमधील इतिहासफेरी : १८८८ या सालाभोवती फिरणारे तीन तास

एस्टोनियातील तार्तू या विद्यापीठनगरात टाउन हॉलच्या चौकातून निघणारी आणि तीन तासांनी एस्टोनियन साहित्य संग्रहालयाच्या दाराशी संपणारी ही इतिहासफेरी, एस्टोनिया रशियन साम्राज्यात होते त्या काळातील झार तिसऱ्या अलेक्झांडरच्या केवळ राजवटीपुरती, म्हणजे १८८१ ते १८९४ या काळापुरती मर्यादित आहे. ही तिची पहिली जमेची बाजू. सात-आठ शतकांचा इतिहास एका दुपारी उरकणाऱ्या फेऱ्या मी बऱ्याच केल्या आहेत आणि त्यांतून फारसे काही हाती लागलेले नाही. येथे मार्गदर्शिका तेरा वर्षांच्या एका तुकड्यात ठाम उभी राहते आणि त्या तेरा वर्षांत एस्टोनियन या एका लहान भाषेला सरकारी व्यवहारातून आणि शाळेतून कसे हुसकावण्यात आले, हे शहरातील जागा दाखवत सांगते.

सुरुवात शहराच्या नावापासून होते. जर्मन उमराव आणि प्राध्यापक या शहराला दोर्पात म्हणत, एस्टोनियन शेतकरी तार्तू म्हणत, आणि १८९३ मध्ये सरकारने दोन्ही नावे बाजूला सारून ते युर्येव केले. कीव्हचा राजा यारोस्लाव्ह याने १०३० मध्ये येथे स्वारी करून जो किल्ला वसवला, त्याचे हे नाव. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या एका स्वारीचा दाखला काढून जिवंत शहराची पाटी बदलावी, यामागची वृत्ती मार्गदर्शिकेने कोणतेही विशेषण न लावता समजावून दिली.

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर ती पार्श्वभूमी मांडते. १८८१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे बॉम्बहल्ल्यात दुसरा अलेक्झांडर मारला गेला, मुलाने गादीवर येताच निरंकुश सत्ता अबाधित ठेवण्याचा जाहीरनामा काढला आणि त्याचा मसुदा धर्मसभेचा प्रमुख अधिकारी कॉन्स्टान्टिन पोबेदोनोस्त्सेव्ह याने लिहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘तात्पुरते’ म्हणून आणलेले सुरक्षाविषयक नियम प्रत्यक्षात १९१७ पर्यंत टिकले. हा भाग थोडा घाईने होतो, पण त्याची तक्रार नाही, कारण खरा विषय पुढे आहे. विद्यापीठात तोवर जर्मनमध्ये शिकवले जात असे. तेथे आता रशियन सक्तीची झाली, सवलत मिळाली ती ईश्वरविद्येच्या विभागाला, आणि अनेक जर्मन प्राध्यापक निघून गेले.

फेरीचा गाभा आहे तो १८८८ हे साल. एस्टोनियन शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी आणि पाद्र्यांनी अनेक वर्षे वर्गणी गोळा करून आपल्या भाषेतील पहिली वरच्या दर्जाची शाळा उभारण्याचे ठरवले होते. दासमुक्ती देणाऱ्या पहिल्या अलेक्झांडरच्या स्मरणार्थ तिला अलेक्झांडर शाळा हे नाव योजले होते. १८८४ मध्ये सरकारने मुख्य समितीच बरखास्त केली, आणि चार वर्षांनी पोल्त्सामाजवळ शाळा उघडली तेव्हा तेथील अध्यापनाची भाषा रशियन होती. ज्या भाषेसाठी घरोघरी पैसे जमवले, तीच भाषा त्या पैशांनी उभ्या राहिलेल्या वर्गाबाहेर राहिली. हे ऐकताना आमच्या गटात कोणी काही बोलले नाही, आणि मार्गदर्शिकेनेही ती शांतता भरून काढण्याची घाई केली नाही. याच सुमारास गावातील शाळा शिक्षण मंत्रालयाच्या ताब्यात गेल्या होत्या आणि १८८७ पासून तेथेही टप्प्याटप्प्याने रशियन आणली जात होती. हे लोक निरक्षर नव्हते, हे येथे आवर्जून सांगितले गेले ते योग्यच झाले. १८९७ च्या जनगणनेतही नव्वद टक्क्यांहून अधिक एस्टोनियन लोकांना वाचता येत असल्याची नोंद झाली.

त्याच १८८८ मध्ये, त्या बरखास्त समितीचे पूर्वीचे अध्यक्ष पाद्री याकोब हुर्त यांनी वर्तमानपत्रांतून लोकांना आवाहन केले की आपल्या गावातील गाणी, म्हणी, कोडी आणि कथा लिहून पाठवा. हुर्त तेव्हा साम्राज्याच्या राजधानीतच, सेंट पीटर्सबर्गमध्ये, एस्टोनियन चर्चचे पाद्री होते. सुमारे चौदाशे लोकांनी मजकूर पाठवला. कोणी काय पाठवले याचा हिशेब हुर्त वर्तमानपत्रांतून जाहीर करत राहिले, आणि त्यातून एक लाख चौदा हजारांहून अधिक पृष्ठांचा संग्रह उभा राहिला. शाळा हिरावली गेली त्याच वर्षी घराघरांतील वह्या उघडल्या, ही सांगड एवढ्या स्पष्टपणे मी अन्यत्र कोठेही ऐकली नव्हती, आणि केवळ तिच्यासाठी ही फेरी करावी असे मी म्हणेन.

दोष एकच, पण तो मोठा आहे. सगळा दोष झारच्या पदरी टाकताना जमीनदार जर्मन सरंजामदार जवळजवळ अदृश्य होतात. १८८२ आणि १८८३ मध्ये सिनेटर निकोलाई मानासेइन तपासणीसाठी बाल्टिक प्रांतांत आला, तेव्हा एस्टोनियन आणि लाटव्हियन शेतकऱ्यांनी त्याच्याकडे हजारो अर्ज दिले, कारण सरंजामदारांच्या जाचातून सरकार आपल्याला सोडवील अशी त्यांची प्रामाणिक आशा होती. बाल्टिक सरदारांचे जुने हक्क गादीवर येताना मान्य न करणारा तिसरा अलेक्झांडर हा पहिलाच झार होता, आणि १८८९ च्या न्यायसुधारणेने सरंजामदारांची न्यायालये खरोखरच मोडीत काढली. ज्याच्याकडे न्याय मागितला, त्यानेच पुढे भाषा काढून घेतली, ही वेदना या फेरीत यायलाच हवी होती. मी प्रश्न विचारल्यावर मार्गदर्शिकेने नेमके आणि अभ्यासपूर्ण उत्तर दिले, म्हणजे तिला हे ठाऊक आहे. मग ते प्रश्नाची वाट पाहत का राहावे? ऑर्थोडॉक्स पंथात गेलेल्या आणि नंतर परत ल्यूथरन होऊ न शकलेल्या कुटुंबांचा विषयही दोन वाक्यांत संपला. आंतरपंथीय विवाहातील मुले ऑर्थोडॉक्सच वाढवावीत ही सक्ती १८८५ मध्ये पुन्हा लागू झाली होती, आणि ती घरातल्या पाळण्यापर्यंत पोहोचणारी होती.

चालणे फारसे नाही, पण टोमे टेकडीची चढण आणि दगडी रस्ते लक्षात घेऊन बूट निवडावेत. बोलणे इंग्रजीत होते, उच्चार स्वच्छ आहेत, आणि एस्टोनियन शब्द प्रथम मूळ रूपात म्हणून मग त्यांचा अर्थ दिला जातो. आयोजकांना एकच विनंती आहे. फेरी एक तास आधी सुरू करावी, कारण आम्ही साहित्य संग्रहालयाशी पोहोचलो तेव्हा दार बंद झाले होते, आणि हुर्त यांच्याकडे आलेले कागद जेथे जपले आहेत ती इमारत आम्हाला बाहेरूनच पाहावी लागली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेथे गेलो.